आजची कविता वाचायची कशी? काट्यावरून सांगतो

मी साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर असतो. सीझनला रात्रपाळीत दोन ट्रॅक्टरांच्या मधे जो वेळ मिळतो, त्यात कादंबरी बसत नाही, कविता बसते.

पुस्तकं आधी विकत घेऊ नका. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराचं सभासद व्हा, १८५० सालची संस्था आहे. आणि कवी अरुण कोलटकर आपल्या कोल्हापुरात जन्मले म्हणून अभिमानानं थेट 'भिजकी वही' उचलू नका. थोरच पुस्तक, पण पहिल्याच दिवशी अंगावर येतं.

सुरुवात कल्पना दुधाळांपासून करा. दौंडकडच्या, स्वतः शेती करणाऱ्या. 'सिझर कर म्हणतेय माती' हातात घ्या आणि नावापाशीच थांबा. 'अर्थ काय?' हा प्रश्न शाळेतल्या रसग्रहणानं आपल्या डोक्यात ठोकलाय, तो बाजूला ठेवा. विचारा, बोलतंय कोण आणि कुणाला? इथं माती 'कर' म्हणतेय, म्हणजे समोर एकेरीत हाक मारावी इतकं जवळचं कुणीतरी उभं आहे. तिला कळा आल्यात, पण आपसूक सुटका होईना. एवढं दिसलं की पुढं वाचायला हरकत नाही.

मग सुशीलकुमार शिंदे, राजकारणातले न्हवं, कवी. 'शहर आत्महत्या करायचं म्हणतंय'ला २०१९चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार आहे. पुरस्कार राहू दे, सूर ऐका. 'जरा गावाकडं जायचं म्हणतोय' असं आपण बोलतो न्हवं, त्याच सहज सुरात शहर मरणाचं बोलतंय. मला तरी इथं पहिल्यांदा अंगावर काटा आला.

फोंडा घाट उतरला की कणकवली, तिथले अजय कांडर. त्यांची 'बाया पाण्याशीच बोलतात' बघा. त्या 'च'वर जरा जोर देऊन वाचा, म्हणजे बायांचं कोण ऐकत नाही ते कळतंय.

हो, वाचायचं मोठ्यानंच. यमक नाही म्हणून स्वतःची चाल लावू नका, ओळ तुटते तिथं श्वास तोडा. एका बैठकीला दोन कविता बास. नाहीच लागली तर पान उलटा, कवी काही रागावत नाही.

आवडलेली वहीत हातानं उतरवून घ्या, ओळी तुटल्यात तशाच. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवू नका. आणि ग्रुपवर फोटो टाकताना कवीचं नाव कापायचं नाही.