देशाच्या ऊर्जेचं सँकी चित्र काढताय? या चुका टाळा

सँकी चित्र म्हणजे ऊर्जा कुठून येते आणि कुठं जाते ते पट्ट्यांनी दाखवणारं चित्र. डावीकडून कोळसा, तेल, गॅस, पाणी, ऊन. मधे वीजकेंद्रं आणि रिफायनऱ्या. उजवीकडे कारखाने, वाहतूक, घरं, शेती. पट्टा जितका रुंद तितकी ऊर्जा जास्त. १८९८ मध्ये कॅप्टन सँकी यांनी वाफेच्या इंजिनाचं असं चित्र काढलं, त्यांचंच नाव याला चिकटलं. चित्र काढून देणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, त्यामुळे बिघाड बहुतेक वेळा चित्रात नसतो, त्याआधीच्या आकड्यांत असतो.

पहिली गफलत मेगावॉटची. मेगावॉट ही क्षमता झाली. पट्ट्याला वर्षभराची ऊर्जा लागते. १ मेगावॉट वर्षभर अखंड चालला तर ८७.६ लाख युनिट होतात, पण पवनचक्की किंवा सोलर इतकं कुठं चालतंय? टनांचंही तेच. साखर कारखान्यातून निघालेलं उसाचं ओलं चिपाड जवळपास निम्मं पाणीच असतं. त्याचा टन आणि कोळशाचा टन एका रुंदीचे काढले की चित्र खोटं झालं. सगळं एकाच एककात आणा: १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, १ टन तेलतुल्य (एक टन तेलाइतकी ऊर्जा) म्हणजे ११,६३० युनिट.

कोळसा डावीकडे घेतला असेल तर त्यापासून झालेली वीज पुन्हा डावीकडे 'स्रोत' म्हणून घेऊ नका. ती मधेच जन्मते.

आता कैगाचं अणुवीज केंद्र आणि हिडकल धरणावरची जलवीज. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पद्धतीत अणुविजेमागची उष्णता ३३ टक्के कार्यक्षमता धरून मोजतात, जलविजेला मात्र १०० टक्के. म्हणजे कैगाचं एक युनिट डावीकडे हिडकलच्या युनिटाच्या तिप्पट जाड दिसतं, आणि घरात दिवा तेवढाच लागतो. पद्धत चूक नाही, पण कोणती वापरली ते चित्राखाली लिहा. दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर आधी इथंच बघा.

सर्वांत जास्त घोळ 'तोटा' या पट्ट्यात होतो. लोकांना वाटतं, तारांत गळालेली वीज. प्रत्यक्षात यातला मोठा भाग औष्णिक केंद्रातच उष्णता होऊन जातो. कोळशातल्या ऊर्जेची साधारण एक तृतीयांशच वीज होते. त्यात कुणी वीज कंपन्यांचा 'एटी अँड सी लॉस' (एकूण तांत्रिक आणि व्यावसायिक तोटा) तसाच उचलून टाकतो. या आकड्यात चोरी आणि न भरलेली बिलंही असतात. तारेवर आकडा टाकून चोरलेल्या विजेवर कुणाची तरी मोटार फिरलीच की! ऊर्जेच्या हिशेबात तो वापर आहे, तोटा नव्हे. याचीच दुसरी बाजू शेतीचा पट्टा. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत, आणि त्यातल्या बहुतेकांना मीटर नाही. वापर अंदाजानं धरतात. अंदाज फुगला की तारांतला तोटा कमी दिसतो, आकसला की वाढतो. म्हणून हे दोन पट्टे शेजारी ठेवा आणि शेतीवर 'अंदाजित' असं स्पष्ट लिहा.

निपाणीचा ऊस कोल्हापूरकडं गाळला गेला म्हणून त्याची सगळी साखर कोल्हापूरकर खात नाहीत. कच्च्या तेलाचंही तसंच: आपण आयात करतो, शुद्ध करतो आणि बरंच डिझेल-पेट्रोल परत बाहेर विकतो. निर्यातीचा पट्टा विसरला की वाहतूक भलतीच तेल पिताना दिसते. डांबरासारखा जाळला न जाणारा मालही वेगळा काढा.

बाजारात न येणारं इंधन गाळू नका. खानापूरच्या जंगलकाठच्या चुलीतलं सरपण आणि साखर कारखान्यांनी स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळलेलं चिपाड विक्रीच्या तक्त्यांत सापडत नाही. उद्योगांनी स्वतःपुरती केलेली वीजही बऱ्याचदा वेगळ्या तक्त्यात असते.

एवढं करूनही येणारं आणि जाणारं जुळलं नाही, तर फरक कुठल्या तरी पट्ट्यात मुरवू नका; 'सांख्यिकी फरक' म्हणून दाखवा. एकच नाव दोन ठोकळ्यांत फुटलं असेल तर नावाच्या शेवटी चुकून पडलेली स्पेस शोधा. चित्रच उमटत नसेल तर केंद्राची स्वतःची वीज फिरून त्याच केंद्रात नेली आहे का पाहा. अशी गोल वाट बऱ्याच सॉफ्टवेअरांना चालत नाही. मराठी नावांच्या जागी अगम्य अक्षरं आली, तर मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमधला आहे, तो युनिकोडमध्ये बदलून घ्या.