बायबल अभ्यासवर्गात जमीन, पाणी आणि जनावरांच्या अंगाने उतारा कसा वाचावा

पर्यावरण दिन जवळ आला की अभ्यासवर्गात स्तोत्र १०४ निघते, सृष्टी किती सुंदर यावर तासभर बोलणे होते आणि आभाराच्या प्रार्थनेने सांगता होते. त्यात वाईट काही नाही, पण उतारा वाचायचा राहूनच जातो. त्याच स्तोत्रात सिंह भक्ष्यासाठी गर्जना करतो आणि देवाने श्वास काढून घेतला की जीव मातीला मिळतात. ही वचने सहसा वगळली जातात. ‘हिरवी’ वचने वेचण्याची ही सवय आधी मोडा. बायबलमधला निसर्ग स्तोत्रांपुरता नाही, तो कायद्यात आणि युद्धाच्या नियमांतही आहे. अनुवाद २०:१९ वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू देत नाही. अनुवाद २२:६-७ मध्ये पिल्ले घेणाऱ्याने पक्षिणीला सोडून द्यायचे आहे. योनाचे पुस्तक तर निनवेतल्या जनावरांच्या उल्लेखावर संपते.

तयारी

आठ ते दहा माणसे आणि दीड तास पुरे. उतारा ३ ते १५ वचनांचाच घ्या. अख्खा अध्याय घेतला की चर्चा ठरावीक उपदेशाकडे घसरते. रुंद समास सोडून उताऱ्याच्या प्रती काढा आणि प्रत्येकाला तीन रंगांच्या पेन्सिली द्या. निदान दोन मराठी भाषांतरे जवळ असावीत, म्हणजे एकाच शब्दयोजनेवर वाद अडणार नाही.

वर्ग घेणाऱ्याने एक गोष्ट आधी समजावून सांगायची, ती म्हणजे पावसाचे वेळापत्रक. आपल्या डोक्यात जून ते सप्टेंबर असतो. पॅलेस्टाइनात पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. गहू कोरड्या दिवसांत कापला जातो. म्हणूनच १ शमुवेल १२:१७ मध्ये गव्हाच्या कापणीच्या वेळी गडगडाट आणि पाऊस आला तेव्हा लोक घाबरले. हे माहीत नसेल तर आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. तसेच अनुवाद ११:१०-१२ वाचा. मिसरात (इजिप्तमध्ये) पाणी देऊन पिके काढत, कनान ही नवी भूमी मात्र आकाशातल्या पावसावर जगणारी. मराठी वाचकाला दोन शब्दांत सांगता येते: मिसर बागायत, कनान कोरडवाहू. कोरडवाहू शेतकऱ्याची चिंता मनात ठेवली की संदेष्ट्यांची अर्धी भाषा आपोआप उलगडते.

वाचन

उतारा तीनदा मोठ्याने वाचा, दर वेळी वेगळ्या माणसाने. पहिल्या वाचनात माणसांखाली एक रंग, दुसऱ्यात जमीन, पाणी, झाडे आणि प्राण्यांखाली दुसरा, तिसऱ्यात देवाखाली तिसरा. मग क्रियापदे पाहा: कोण करते, कोणाचे काय होते? जमीन कधी कर्ता असते, कधी नुसती मागची भिंत. हा फरक कागदावर दिसेपर्यंत अर्थ काढायला बसू नका. या कामाला पंचवीस मिनिटे लागतात आणि घाई इथेच होते.

यापुढे ऑस्ट्रेलियातले अभ्यासक नॉर्मन हॅबेल यांच्या तीन पायऱ्या उपयोगी पडतात. आधी शंका: हा उतारा, किंवा आपले नेहमीचे वाचन, माणसालाच केंद्र मानते का? मग तादात्म्य: जमिनीच्या, पाण्याच्या किंवा जनावराच्या बाजूने उतारा पुन्हा ऐका. शेवटी शोध: दुर्लक्षित राहिलेला आवाज उताऱ्यात कुठे आहे? पहिली पायरी टाळली की दुसरी भाबडी होते. नदी अभ्यासवर्गाचेच विचार बोलू लागते.

होशेय ४:१-३ घेऊन पाहा. पहिल्या वचनात परमेश्वराचा देशातल्या रहिवाशांशी वाद आहे. दुसऱ्यात गुन्हे: खोटी शपथ, खून, चोरी, व्यभिचार. तिसऱ्यात भूमी शोक करते, तिच्यातले रहिवासी झुरतात आणि वनपशू, पक्षी, समुद्रातले मासेसुद्धा नाहीसे होतात. आता उत्पत्ती १ शेजारी ठेवा. तिथे क्रम मासे, पक्षी, पशू, माणूस असा आहे. होशेयात तो उलटा झाला आहे. जलप्रलयातल्या मृतांच्या यादीतही (उत्पत्ती ७:२१-२३) मासे नव्हते, इथे तेही गेले.

गुन्ह्यांच्या यादीत जंगलतोड नाही, हेही लक्षात आणून द्या. माणसामाणसांतला अन्याय जमिनीपर्यंत पोचतो, असे होशेय म्हणतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीतही झाडे-पाणी वाचवणे आणि गुंडगिरीच्या दहशतीला विरोध करणे वेगवेगळे ठेवता आले नाही.

इथे एक धोका असतो. कोणीतरी म्हणतो, ‘म्हणजे दुष्काळ पडला तो तिथल्या लोकांच्या पापामुळे.’ लगेच थांबवा. होशेय ४:४-६ मध्ये ठपका याजकांवर आहे, शेतकऱ्यावर नाही, आणि मत्तय ५:४५ नुसार पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो. मराठवाड्यातला कोणी वर्गात बसला असेल तर हे आधीच सांगितलेले बरे.

चार आठवडे

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ म्हणून अनेक चर्चेस पाळतात. १९८९ साली ऑर्थोडॉक्स चर्चचे कॉन्स्टँटिनोपलचे कुलपिता (पॅट्रिआर्क) दिमित्रिओस पहिले यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, पोप फ्रान्सिस यांनी तो २०१५ मध्ये कॅथलिक चर्चसाठी स्वीकारला. या काळात चार बैठका सहज बसतात.

पहिल्या बैठकीला उत्पत्ती १:२६-३१. इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये पर्यावरणाच्या संकटाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात दाखवले, तेव्हापासून या उताऱ्यातल्या, माणसाला दिलेल्या ‘सत्ता चालवा’ या आज्ञेवर वाद आहे. वाद टाळू नका. स्तोत्र ७२ वाचून विचारा की चांगल्या राजाची सत्ता कशी असते, मग यहेज्केल ३४:४ वाचून विचारा की वाईट मेंढपाळाची कशी. आणि १:२९-३० सोडू नका: तिथे माणसाला आणि पशूंना दोघांनाही अन्न म्हणून वनस्पतीच दिल्या आहेत.

दुसरी बैठक लेवीय २५:१-७ आणि २५:२३. सातव्या वर्षी जमीन पड. आपोआप उगवेल ते मालकाचे, चाकरांचे, मजुरांचे, गुराढोरांचे आणि रानातल्या प्राण्यांचेही. ज्यांच्या शेतात रानडुकरे घुसतात ते इथे हसतील किंवा चिडतील. त्यांना बोलू द्या, सगळ्यांत खरी चर्चा तिथेच होते. तिसरी होशेय. चौथी रोमकरांस पत्र ८:१८-२५, शक्यतो चर्चच्या विहिरीपाशी किंवा ओढ्याकाठी.

चौथ्या बैठकीत एकच निर्णय घ्या, तोही स्वतःच्या ताब्यातल्या गोष्टीबद्दल: सणाच्या जेवणातली थर्माकोलची ताटे, दफनभूमीतले प्लास्टिकचे हार, विहिरीचा उपसा. कोण करणार आणि कधीपर्यंत, हे वहीत लिहा. रोपे लावायचे ठरले तर एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. नाव मिळाले नाही तर तो निर्णय घेऊ नका.

अडणारी वचने

२ पेत्र ३:१० कोणीतरी काढणारच: जग जळून जायचे आहे, मग कशाला सांभाळायचे? तिथे ३:१३ पर्यंत वाचा. वाट पाहायची ती नीतिमत्त्व वसणाऱ्या नव्या पृथ्वीची. शिवाय जुन्या काही महत्त्वाच्या हस्तलिखितांत दहाव्या वचनाच्या शेवटी पृथ्वी ‘जळून जाईल’ असे नसून ‘उघडी पडेल’ अशा अर्थाचा पाठ आहे. आधुनिक भाषांतरांच्या तळटिपा पाहा.

मार्क ११:१२-१४ मधले अंजिराचे झाड याहून अवघड. अंजिरांचा हंगाम नव्हता, असे मार्क स्वतःच सांगतो, तरी येशू झाडाला शाप देतो. झाडाच्या गोष्टीच्या दोन भागांमध्ये मंदिराचा प्रसंग येतो, म्हणून बहुतेक अभ्यासक झाडाला मंदिराची खूण मानतात. हे सांगा, पण झाडाच्या बाजूने ऐकताना कोणी ‘त्याचा काय दोष?’ असे विचारले तर घाईने उत्तर जुळवू नका. प्रश्न तसाच वहीत उतरवा आणि पुढच्या उताऱ्याकडे जा.