संध्याकाळी ठरवायचं काही उरू नये: रोजच्या रात्रीच्या जेवणाचं नियोजन

संध्याकाळी सातला फ्रिजचं दार उघडून नुसतं बघत उभं राहणं, हा रात्रीच्या स्वयंपाकातला सगळ्यात दमवणारा भाग आहे. चिरणं, शिजवणं त्यामानाने सोपं. ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न पोटात भूक असताना सोडवायला घेतला की उत्तर एकतर बाहेरून मागवण्याचं निघतं, नाहीतर कालचंच. म्हणून हा प्रश्न आठवड्यातून एकदाच, पोटभर जेवण झाल्यावर, कागद-पेन घेऊन सोडवायचा. पंधरा मिनिटं पुरतात.

कागदावर आधी पदार्थ लिहू नका, वार लिहा. प्रत्येक वारापुढे त्या दिवशी घरी कोण किती वाजता येणार आणि जेवायला किती जण, एवढंच. पदार्थ त्यानंतर आपोआप सुचत जातात. ज्या दिवशी सगळे वेगवेगळ्या वेळी जेवणार त्या दिवशी गरम करून तितकाच चांगला लागणारा रस्सा, आणि ज्या दिवशी सगळे एकत्र बसणार त्या दिवशी तव्यावरून थेट ताटात येणारं काहीतरी. उलट केलंत तर कुरकुरीत पदार्थ दोन तास झाकून मऊ पडलेला शेवटच्या माणसाच्या वाट्याला येतो.

सात दिवसांसाठी पाचच जेवणं ठरवा. एक रात्र उरलंसुरलं संपवण्याची आणि एक मोकळी. सातही रात्री भरलेला तक्ता दिसायला छान असतो, पण मध्येच कोणीतरी बाहेर जेवून येतं, एक दिवस बिनसतो आणि त्या दिवसाची भाजी फ्रिजमध्ये काळी पडते. मोकळ्या रात्रीसाठी न भिजवता होणारं सामान घरात कायम असू द्या: अंडी, बटाटे, मसूर डाळ, गोठवलेले मटार. मसूर डाळ उघड्या पातेल्यात 15 ते 20 मिनिटांत शिजते.

पदार्थांचा क्रम भाज्या किती टिकतात त्यावर ठरवा. मासे आणले त्याच दिवशी. पालेभाजी आणि मश्रूम पहिल्या दोन दिवसांत. फ्लॉवर, भेंडी, फरसबी मधल्या दिवसांत. गाजर, कोबी, भोपळा शेवटी. ही मंडळी आठवडाभर तग धरतात. पालेभाजी धुऊन ओली ठेवली तर दुसऱ्याच दिवशी चिकट होते. निवडून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा आणि करायच्या वेळी धुवा.

किती घ्यायचं

माणशी मापं एकदा कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली की रोजचा अंदाज संपतो. तांदूळ माणशी 60 ते 75 ग्रॅम. शिजून साधारण तिप्पट होतो. रश्शासाठी कोरडी डाळ 40 ते 50 ग्रॅम, कडधान्य मुख्य पदार्थ असेल तर 60 ग्रॅम. फळभाजी कच्ची 150 ते 200 ग्रॅम. पालेभाजी मात्र 250 ग्रॅम, कारण ती कढईत बघता बघता मूठभर होते. हाडासकट चिकन 200 ग्रॅम.

माप दुप्पट करताना एक चूक हमखास होते. तांदूळ दुप्पट घेतला म्हणून पाणीही दुप्पट घातलं जातं आणि भात गिचका होतो. तांदूळ स्वतः साधारण आपल्या आकारमानाइतकंच पाणी पितो. बाकीचं पाणी वाफ होऊन जाण्यासाठी असतं. ती वाफ तांदळाच्या मापावर नाही, तर पातेल्याच्या तोंडावर आणि शिजण्याच्या वेळेवर अवलंबून असते. उघड्या पातेल्यात एका कपाला दोन कप पाणी लागत असेल, तर त्याच पातेल्यात दोन कपांना चार नाही, तीन ते सव्वातीन कप पुरतं.

एक वाटण, तीन रात्री

रोज कांदा परतण्यात जाणारी वीस-पंचवीस मिनिटं एकदाच घालवा. चार माणसांच्या तीन जेवणांसाठी: कांदे 1 किलो, टोमॅटो 750 ग्रॅम, लसूण 50 ग्रॅम, आलं 40 ग्रॅम, तेल 120 मिली, हळद 1 छोटा चमचा, मीठ 2 छोटे चमचे.

घरातलं सगळ्यात रुंद भांडं घ्या. तेल तापलं की बारीक चिरलेला कांदा आणि त्यातलंच अर्धं मीठ घाला. मीठ कांद्यातलं पाणी बाहेर ओढतं, आणि ते पाणी आटेपर्यंत कांदा तांबूस होणारच नाही, कितीही ढवळा. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या आसपास अडकून राहतं. रंग आणि चव त्याच्या बऱ्याच वर तयार होतात. म्हणून सुरुवातीची 10 मिनिटं आच मोठी, मग मध्यम. एक किलो कांद्याला 30 ते 40 मिनिटं लागतात. पाच मिनिटांत कांदा तांबूस होतो असं कुठल्या पाककृतीत लिहिलेलं दिसलं तर तिथल्या बाकीच्या वेळांवरही विश्वास ठेवू नका.

कडेने लागायला लागलं की दोन चमचे पाणी टाकून उलथन्याने खरवडा. तो तपकिरी थर जळलेला नाही, तीच चव आहे. काळा झाला तर मात्र कडू. कांदा बदामी झाल्यावरच आलं-लसूण घाला. ते सुरुवातीला घातलं तर कांदा होईपर्यंत लसूण करपतो आणि पूर्ण वाटण कडवट होतं. दोन मिनिटांनी हळद, चिरलेले टोमॅटो, उरलेलं मीठ. झाकण न ठेवता शिजवा. कडेला तेल सुटलं आणि उलथन्याने ओढलेली रेघ क्षणभर तशीच राहिली की झालं. तिखट आणि मसाले यात घालू नका. ते त्या त्या दिवशी, नाहीतर तिन्ही जेवणं एकाच चवीची होतील आणि तिसऱ्या रात्री घरातून तक्रार येईल.

गार करून तीन सारखे भाग करा. एक भाग फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो, बाकीचे दोन फ्रीजरमध्ये. पिशवीत भरून सपाट थापून गोठवलं तर पातळ वडीसारखा हवा तेवढा तुकडा मोडता येतो. डब्यात गोठवलेला गोळा रात्री सात वाजता सुटता सुटत नाही. वापरायच्या आदल्या रात्री पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणून ठेवा.

पहिली रात्र: काबुली चणे. कोरडे चणे 250 ग्रॅम, रात्रभर किंवा सकाळपासून 8 ते 10 तास, लिटरभर पाण्यात 1 मोठा चमचा मीठ घालून भिजवा. मिठाने कडधान्य शिजत नाही हा समज आहे. भिजवताना घातलेलं मीठ उलट सालं मऊ करतं. खरा अडथळा आंबटाचा. टोमॅटो, चिंच, लिंबू यांच्या आंबटपणात कडधान्याच्या आणि बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारा पदार्थ विरघळत नाही, आणि दाणा तासभर शिजवूनही कचकच लागतो. म्हणून चणे आधी साध्या पाण्यात पूर्ण शिजवायचे आणि टोमॅटो असलेलं वाटण नंतर. भिजवलेलं पाणी फेकून द्या, नवं पाणी चण्यांच्या वर दोन बोटं. कुकर निम्म्याच्या वर भरू नका. कडधान्याचा फेस वर येऊन वाफेची वाट बुजवू शकतो. पूर्ण दाब आल्यावर आच मंद करून 20 मिनिटं. मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत राहण्याने आतलं तापमान वाढत नाही, पाणी आणि गॅस तेवढे वाया जातात. मग वाटणाचा एक भाग, मसाला, तिखट घालून 10 मिनिटं उकळा. मूठभर चणे पळीने ठेचले की रस्सा दाट होतो.

भिजवायला विसरलात? चणे भरपूर पाण्यात 2 मिनिटं खळखळ उकळा, गॅस बंद करून झाकून 1 तास ठेवा, पाणी ओता आणि पुढे नेहमीसारखं. राजम्याच्या बाबतीत मात्र मंद आचेवर रेंगाळू नका. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं विषारी द्रव्य असतं आणि ते जायला खळखळ उकळी लागते. नुसतं कोमट-गरम शिजवत ठेवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. कुकरमध्ये मऊ शिजवला की प्रश्न मिटतो.

दुसरी रात्र: अंड्यांचा रस्सा. अंडी 8. उकळत्या पाण्यात अलगद सोडा, 10 मिनिटं, मग थेट गार पाण्यात. जास्त उकळली की बलकाभोवती हिरवट कडं येतं. ते खाण्याला चालतं, दिसायला वाईट. वाटणाचा एक भाग तेलात परता, मसाला घाला, आणि 500 मिली गरम पाणी. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि परत यायला पाच मिनिटं जातात. 8 मिनिटं उकळल्यावर अंडी सोडा.

तिसरी रात्र: एकाच भांड्यातला भात. तांदूळ 300 ग्रॅम, धुऊन 20 मिनिटं भिजवून निथळलेला. कुकरमध्ये वाटणाचा एक भाग, मसाला, 400 ग्रॅम चिरलेल्या भाज्या 3 मिनिटं परता. तांदूळ, पाऊण चमचा मीठ आणि 500 मिली गरम पाणी. झाकण लावण्याआधी उलथन्याने तळ खरवडून घ्या. तळाला चिकटलेलं वाटण हेच भात खाली लागण्याचं मुख्य कारण. पहिली शिट्टी झाली की आच मंद, 5 मिनिटं, बंद. वाफ आपोआप जिरू द्या. घाईने शिट्टी उचलून वाफ काढली तर दाणे फुटतात आणि वरचा भात कोरडा, खालचा ओला राहतो.

लहान मुलांसाठी वेगळा स्वयंपाक करू नका. तिन्ही पदार्थांत तिखट शेवटी घालता येतं. त्याआधी त्यांचा वाटा बाजूला काढा.

घड्याळ उलटं वाचा

जेवण आठला असेल तर आठपासून मागे मोजत या. चण्यांच्या रात्रीचा हिशोब असा: 7.55 ला रस्सा तयार हवा, म्हणजे 7.45 ला कुकर उघडलेला हवा. दाब उतरायला 15 मिनिटं, म्हणजे 7.30 ला गॅस बंद. त्याआधी 20 मिनिटं शिजणं आणि दाब यायला 10, म्हणून 7.00 ला कुकर चढला पाहिजे. 7.05 ला तांदूळ भिजत घाला, 7.25 ला दुसऱ्या शेगडीवर, 7.40 ला बंद करून झाकून 10 मिनिटं मुरू द्या. कच्च्या काकडी-गाजराचं चिरणं 7.30 नंतर. या सगळ्यात हात कामात फक्त पंधरा-वीस मिनिटं असतात. बहुतेकांचा उशीर होतो तो आधी सगळं चिरून घेऊन मग कुकर लावल्यामुळे. आधी कुकर, मग सुरी.

बिघडलं तर

मीठ जास्त झालं की बटाटा टाकायचा सल्ला मिळतो. बटाटा खारट पाणी शोषतो, पण मीठ आणि पाणी दोन्ही बरोबरच शोषतो; उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. उपाय एकच, बिनमिठाचं काहीतरी वाढवणं: गरम पाणी, शिजलेली डाळ, दही. किंचित लिंबू किंवा साखर खारटपणा झाकते, कमी करत नाही.

सुकी भाजी पाणी सुटून उकडल्यासारखी होते, कारण कढईत गर्दी असते. चार जणांची भाजी लहान कढईत कोंबण्यापेक्षा दोन वेळा परता, आणि मीठ शेवटच्या दोन मिनिटांत घाला.

खाली लागलेला रस्सा ढवळू नका. वरचा भाग हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता, तळाला हात लावू नका, आणि चव घेऊन बघा. करपट वास आला तर मसाल्याने तो लपत नाही. ते सोडा आणि मोकळ्या रात्रीची मसूर डाळ लावा.

चिकन शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, 75 अंश सेल्सिअस दिसायला हवं. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर आणि कोशिंबिरीपर्यंत जातात. त्याची पाटी आणि सुरी वेगळी.

उरलेलं

जेवण उरकलं की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, कडक उन्हाळ्यात एका तासात. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत दोन-अडीच इंचांपेक्षा उंच थर नको. सगळ्यात जास्त सांभाळायचा तो भात. तांदळातले काही जिवाणू शिजवण्यातूनही सुप्त रूपात वाचतात, भात ओट्यावर राहिला की वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात दुसऱ्या दिवशी संपवा. रस्सा, कडधान्य, शिजलेलं चिकन तीन दिवस. गरम करायचं ते नुसतं कोमट नाही, वाफा येईपर्यंत, आणि लागेल तेवढंच काढून. अख्खा डबा गरम करून परत आत ठेवू नका. डब्याच्या झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून वार लिहा. ‘सोमवार’ लिहिलेला डबा गुरुवारी दिसला की तो त्याच रात्री ताटात, नाहीतर कचऱ्यात.