भूशास्त्रज्ञांची क्रमवारी लावताय? या चुका टाळा

परिसंवाद ठरला, पुरस्कार जाहीर झाला की रिसर्च स्कॉलर मंडळी ग्रंथालयात येतात. गूगल स्कॉलर (शोधनिबंध शोधायचं गूगलचं संकेतस्थळ) उघडायचं, नावासमोरचा एच-इंडेक्स (वीस म्हणजे प्रत्येकी निदान वीस वेळा उद्धृत झालेले वीस पेपर) उतरवायचा, मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावायची आणि वर ‘आघाडीचे भूशास्त्रज्ञ’ लिहून मोकळं व्हायचं. अर्ध्या तासात यादी तयार! ही घाई बघून माझा जीव वरखाली होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रोफाइल न वाचणं. नागपुरातल्याच एका महाविद्यालयाने अशा यादीवरून बीजभाषणासाठी वक्ते निवडले होते. पत्रिका छापायला जाण्याच्या बेतात असताना यादी माझ्याकडे आली. पहिल्या क्रमांकावरच्या सरांचं आडनाव आपल्याकडे गावोगाव सापडणारं, पुढे एकच आद्याक्षर. प्रोफाइल उघडलं तर दख्खनच्या बेसाल्टवरच्या पेपरांमध्ये हिरड्यांचे आजार आणि सोयाबीनवरची कीड! गूगल स्कॉलर नवे पेपर आपोआप जोडतं आणि सरांनी ते पान कित्येक वर्षांत उघडलेलंच नव्हतं. परके पेपर काढल्यावर आकडा निम्म्याखाली आला. सरांचं स्वतःचं काम उत्तम होतं, तरी फोनवर त्यांनाच ओशाळं व्हावं लागलं. आयोजकांनी दहा मिनिटं दिली असती तर हे टळलं असतं, याचा मला आजही राग येतो.

मी आधी पेपर वर्षानुसार लावते आणि सगळ्यात जुना बघते. तो त्या व्यक्तीच्या शाळकरी वयातला निघाला तर तो आकडा बादच, पुढचं काही बघायचंच नाही. नाहीतर मग शीर्षकं वाचायची, सगळी. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ओळख पटवणारा) सोळा अंकी क्रमांक असेल तर त्यावरून ताळा करायचा.

एकाचा आकडा स्कोपसचा (शोधनिबंध आणि त्यांचे संदर्भ नोंदवणारा डेटाबेस) आणि दुसऱ्याचा गूगल स्कॉलरचा घेऊ नका. गूगल प्रबंध आणि अहवालांतले संदर्भही मोजतं, त्यामुळे तिथला आकडा बहुधा फुगलेला असतो.

हवामानशास्त्रज्ञ आणि जीवाश्म अभ्यासकाला एका रांगेत उभं करू नका. जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये एच-इंडेक्स मांडला, तेव्हाच विषयागणिक आकडे बदलतात हे सांगितलं होतं. वयाचंही तेच. हा आकडा कधी उतरत नाही, त्यामुळे निवृत्त प्राध्यापक तरुणाच्या पुढेच दिसणार.

आता माझ्या दृष्टीने दुसरी मोठी चूक: सायटेशन (इतरांनी पेपरचा दिलेला संदर्भ) म्हणजे थोरवी असं धरून चालणं. बेसाल्टचं स्पायडर डायग्राम (खडकातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा आलेख) काढणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी सन आणि मॅकडोनाह यांचा १९८९ चा पेपर उद्धृत करतो, कारण आपल्या नमुन्याचे आकडे ज्या प्रिमिटिव्ह मँटलच्या (पृथ्वीच्या मूळ प्रावरणाच्या) मूल्यांनी भागायचे ती त्यात आहेत. व्हिटनी आणि इव्हान्स यांचा २०१० चा पेपर खनिजांच्या नावांच्या संक्षेपांचा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या खडकाच्या पातळ छेदाच्या फोटोवर ‘क्वार्ट्झ’ असं पूर्ण लिहायला जागा नसते, म्हणून तो लागतो. दोन्ही पेपर मोलाचे आहेत. पण त्यांच्या सायटेशनवरून एवढंच कळतं की ते रोज हाताशी लागतात. म्हणून ज्याला यादीत घ्यायचं त्याचे सर्वाधिक उद्धृत झालेले पाच पेपर मी उघडून बघते: नवी कल्पना आहे, आढावा आहे, की तक्ता? लेखकांत हा माणूस पहिला आहे की तिसावा? हे न बघता क्रमांक देणाऱ्यांशी मी वाद घालते आणि घालत राहीन.

जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाते; तिच्यावरून ‘स्टॅनफर्डच्या दोन टक्क्यांत निवड’ असं छापू नका. ती निवड नसते, तिथे कोणी अर्जही करत नाही. जॉन इओआनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून सहा निकष एकत्र करून ती यादी काढतात. संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी, एका वर्षाची वेगळी. कोणती ते लिहा. स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वगळूनही आकडे त्यात दिलेले असतात. मी तेच घेते.

आणि नागपुरात बसून तरी एक विसरू नका. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे, शहरात भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे. तिथल्या माणसांनी उन्हातान्हात फिरून केलेले नकाशे आणि फील्ड सीझनचे (क्षेत्रकामाच्या हंगामाचे) अहवाल स्कोपसमध्ये येत नाहीत. यादीत त्यांच्यापैकी कोणी असेल तर मी आधी अहवाल मागवते, एच-इंडेक्स मागाहून बघते.