शेवेचं डॉट इन असं परत मिळालं

राजवाड्याजवळ आमचं शेवेचं दुकान, नावाचा ट्रेडमार्क आजोबांच्या काळापासूनचा. त्याच नावाचं डॉट इन डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मात्र भलत्यानंच घेऊन ठेवलेलं, वर दोन लाखांची मागणी! काका म्हणाले, "देऊन टाक गं, कटकट नको." मी नाही दिले. डॉट इन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेकडे आयएनडीआरपी या डोमेन-वादांच्या नियमावलीखाली तक्रार केली. दाखवायचं काय, तर डोमेन ट्रेडमार्कशी गोंधळ होईल इतकं मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि नोंदणी किंवा वापर वाईट हेतूने झालाय. पैसे मागणारा त्याचाच ईमेल कामी आला. (मी तो रागाने डिलीट करणार होते!) डॉट कॉम असतं तर १९९९ची यूडीआरपी ही वेगळी नियमावली लागली असती, वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे निवाडा देणाऱ्या एका पॅनेलिस्टची फीच १,५०० डॉलर, शिवाय नोंदणी आणि वापर, दोन्ही वाईट हेतूचे दाखवायचे. आमच्या तक्रारीवर लवादाने डोमेन आमच्याकडे वळवलं. काकांनी त्याच संध्याकाळी डॉट कॉमही घ्यायला लावलं.