आधी खुर्ची, मग फॉर्म

मी समाजकार्यात आले तेव्हा वाटायचं, मनात माया असली की भागतं. पहिल्याच पूरग्रस्तांच्या शिबिरात मी टेबलामागे बसले होते. समोर एक आजी उभ्या, त्यांच्यामागे लांबलचक रांग. मी फॉर्मवरचा प्रश्न मोठ्याने वाचला, "घरात कमावतं कोण?" कमावता मुलगा पुरात गेला होता. ते त्यांना सगळ्यांच्या देखत सांगावं लागलं. माझ्यामुळे.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांना मी पहिलं सांगते की खुर्ची मांडा. तुमच्या खुर्चीइतकीच उंच, टेबलाच्या कोपऱ्याशी. अगदी समोर बसवलं की चौकशी चालल्यासारखं वाटतं. बोलणं रांगेपर्यंत पोचता कामा नये. त्यांचं नाव विचारण्याआधी आपलं सांगा. माहिती कशासाठी हवी, ती कोण वाचणार, हे सांगून मगच पेन उचला. दुसऱ्या विभागाकडे पाठवायचं असेल तर त्यांना विचारून नोंद तुम्हीच पोचवा. तेच दुःख चार टेबलांवर सांगायला लावणं हा छळ आहे.

सन्मानाचा बराचसा भाग व्यवस्थेत असतो आणि तो मोजता येतो. आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर वापरले जाणारे 'स्फिअर'चे निकष पाठच करा: माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, पाण्याच्या रांगेत फार तर 30 मिनिटं, 20 माणसांमागे किमान एक शौचालय. आकडा जुळला म्हणून कागदावर खूण करून मोकळे होऊ नका. रात्री स्वतः शौचालयापर्यंत चालत जा. वाटेत उजेड आहे का, आतून कडी लागते का, बघा. शिबिरातल्या बायका पाणी का कमी पितात, याचं उत्तर मला अशाच एका फेरीत मिळालं.

कपडे वाटायचे तर मांडून ठेवा, ज्याचे त्याला निवडू द्या. आसपासची दुकानं चालू असतील आणि धोका नसेल, तर रोख रक्कम द्यावी असं माझं मत आहे. घरात काय कमी आहे ते घरातल्यांनाच ठाऊक असतं.

फोटोबाबत मी हट्टी आहे. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेचं दहावं कलम सांगतं की प्रसिद्धीत आपद्ग्रस्तांना सन्मान असलेली माणसं म्हणून दाखवा, केविलवाणी वस्तू म्हणून नाही. मदत घेताना पुढे आलेल्या हाताचा फोटो मी काढू देत नाही.

शिक्षण घेताना क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायचं काम, मन लावून करा, आणि ज्यांच्यापाशी चूक कबूल करता येईल असे वरिष्ठ शोधा. मीही त्या आजींची गोष्ट त्याच रात्री आमच्या ताईंना सांगितली होती.

आणि नकार द्यायचा असेल तर त्याच दिवशी, स्वतः, कारण सांगून द्या. "बघू, पुढच्या आठवड्यात या" म्हटलं की माणूस रोजगार बुडवून पुन्हा येतो.