एमजीबी घरी दुरुस्त करून पुन्हा उभी करायचीय? आधी सिल बघा, इंजिन राहू दे

इकडे यूकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना कधी ना कधी जुनी टू-सीटर घ्यायची हुक्की येतेच, आणि घरच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदाच हात काळे करणार असाल तर माझं मत सरळ आहे, एमजीबी घ्या, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनला बनली, पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या, त्यामुळे पार्ट आजही मिळतात, अगदी आख्खी नवीन बॉडी शेलसुद्धा मिळते, ती १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी जुन्याच साच्यांवर बनवते.

आता मुद्द्याचं. सगळ्यांना बॉनेट उघडून इंजिनाशी खेळायचं असतं. नका करू. इंजिन साधं १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, ते कधीही होतं. या गाडीला वेगळी चासी नाहीये, बॉडीचा पत्राच सगळा भार उचलतो, आणि उघड्या गाडीला वर छप्परही नाही म्हणजे सिलवरच, दाराखालून लांब जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ डब्यावरच, सगळी मदार. इथल्या रस्त्यांवर थंडीत मीठ मारतात, पुढच्या चाकाने उडवलेला चिखल विंगच्या (मडगार्डच्या) आत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं ओला राहतो, मग सिल आतून सडतं आणि बाहेरून रंग चकाचक.

म्हणून घेतानाच फ्रिजवरचं पातळ मॅग्नेट फडक्यात गुंडाळून सोबत न्या. सिलवरून, चाकांच्या कमानींवरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (फिलर) भरलीय. मग खाली झोपून स्क्रूड्रायव्हरने सिलच्या आतली बाजू टोचून बघा (मालकाला आधी विचारा बाबा!). दाराच्या फटी बघा, वर कमी खाली जास्त असेल किंवा दार उचलून लावावं लागत असेल तर गाडी मधून बसलीय. सीटच्या मागे बॅटरीचा कप्पा असतो, १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, तो कप्पाही हमखास सडलेला असतो.

सिल बदलायचं म्हणजे नुसती बाहेरची पट्टी नाही. बाहेरचं सिल, मधला उभा पत्रा, आतलं सिल आणि खालची कॅसल रेल असा सगळा डबा आहे. जुन्या गंजावरच नवीन पट्टी चिकटवून देणारे खूप भेटतात, ते काम म्हणजे पैसे पाण्यात. कापायच्या आधी बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत चौकोनी लोखंडी पाइपचा ब्रेस, म्हणजे तात्पुरता आधार, वेल्ड करा, पण थोडा आतल्या अंगाला, म्हणजे दार लावून बघता येतं. गाडीचं वजन नेहमी जिथे पडतं तिथेच, म्हणजे पुढच्या क्रॉसमेंबरखाली (आडव्या बीमखाली) आणि मागच्या ॲक्सलखाली भक्कम स्टँड लावा, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही म्हणजे नाही. एका वेळी एकच बाजू. आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारा, दार लावा, फट बघा, जमलं तरच पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंगआधी सीट, कार्पेट, पेट्रोलची टाकी बाहेर काढा, बॅटरी सोडवा, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, धूर उशिरा निघतो. रंग झाला की आतून वॅक्स मारा, खालची पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका.

ब्रेकमध्ये काटकसर नको, रबरी होज, व्हील सिलिंडर, पाइप सगळं नवीन, पाइप कॉपर-निकेलचे घ्या, ते गंजत नाहीत. पाने इंचातले लागतात, मिलिमीटरचे घालाल तर नटांचे कोपरे गोल होतील.

इंजिन वर्षानुवर्षं बंद असेल तर थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, मुरू द्या, मग चौथा गिअर टाकून गाडी पुढेमागे हलवत इंजिन फिरवून बघा. मोकळं झालं की नवीन २०डब्ल्यू-५० ऑइल भरा, प्लग न लावताच स्टार्टरवर फिरवा, डॅशवरचा ऑइल प्रेशरचा काटा उठला की मगच प्लग लावा. किल्ली फिरवली की मागे पेट्रोल पंप टकटक करतो आणि थांबतो, थांबतच नसेल तर कुठेतरी हवा ओढतोय नाहीतर कार्ब्युरेटर वाहतोय.

या गाडीच्या दोन एसयू (एसयू हा ब्रँड) कार्ब्युरेटरना लोक उगाच घाबरतात. इंजिन गरम करा, रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दोन्हीकडचा सुस्कारा सारखा येईपर्यंत ॲडजस्ट करा. मग खालची बारीक पिन दाबून पिस्टन अगदी केसभर उचला. आरपीएम किंचित वाढून लगेच जागेवर आला तर पेट्रोल-हवेचं मिक्श्चर बरोबर, वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन घुटमळून बंद पडायला लागलं तर कमी. पेट्रोल ई-५ वालं (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) सुपर भरा, साधं पंपावरचं आता ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत) असतं, जुने रबरी पाइप त्याने खराब होतात.

कागदांचं म्हणाल तर गाडी गॅरेजात खोलून पडलीय तोवर सॉर्न करून ठेवा, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी (दरवर्षीची तपासणी) लागत नाही (फार मोठे बदल केले नसतील तर), तरी मी म्हणतो एकदा न्याच, परक्या माणसाने खालून बघितलेलं बरं. आणि पोस्टात जाऊन हिस्टॉरिक क्लासमध्ये बदलून घ्या, टॅक्स शून्य होतो, पण शून्य असला तरी दरवर्षी अर्ज करावाच लागतो.